शनिवारचा रकाना

सकाळचे आठ ठोके पडले की आजोबा चहाची बशी खाली ठेवत आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणत, "उठली." साडेअकराला, "न्याहारीला बसली." दुपारी साडेचारला मी शाळेतून येऊन दप्तर फेकत असे, तेव्हा, "चला, आता तिची शाळा सुरू." आणि रात्री साडेदहाला घड्याळाला किल्ली देऊन दिवा मालवताना, "जेवायला गेली असेल."

ही सगळी हजेरी माझ्या आत्याची. ती चार हजार किलोमीटरवर, इस्रायलमध्ये, यार्देन नदीच्या खोऱ्यातल्या एका किब्बुत्सात, म्हणजे सामाईक शेतवसाहतीत, होती आणि तिचं घड्याळ आमच्या घड्याळाच्या साडेतीन तास मागे चाले. आजोबा रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून कल्याण-इगतपुरी करण्यात त्यांची उमर गेली होती. दूर गेलेल्या गोष्टीवर माया करायची त्यांची रीत एकच, तिचं वेळापत्रक ठेवायचं.

त्यासाठी त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची वही केली होती. डावीकडे 'तिकडील वेळ', मध्ये 'येथील वेळ', उजवीकडे 'तपशील'. खाली आठवड्याचे सात रकाने. आत्याचं निळं एरोग्राम आलं की ते आधी मोठ्यानं वाचलं जाई, मग आजोबा चष्मा बदलून त्यातल्या वेळा वहीत उतरवून घेत. हिवाळ्यात तिकडे कामाला तासभर उशिरा जातात असं पत्र आलं, तेव्हा त्यांनी लाल शाईनं 'सुधारित' असं लिहून नवं पान सुरू केलं. त्या दिवसापासून आमच्याकडे "उठली" नऊ वाजता होऊ लागलं.

हे 1968 सालचं. आत्या वीस वर्षांची होती, मी नऊ वर्षांचा. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ आमचं 1879 सालचं सिनेगॉग आहे, 'शआर हशामाईम' नावाचं, पण घरात त्याला हे नाव कुणीच वापरत नसे. आम्ही त्याला मशीदच म्हणायचो. आमचे सगळेच जुने लोक तसं म्हणत. मुंबईत मांडवीला 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं आजोबा ठासून सांगत. रेल्वेचा माणूस, स्टेशनाच्या नावाबाबत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

मागच्या वर्षी, जून 1967 मध्ये, तिकडे सहा दिवसांचं युद्ध झालं होतं. त्यानंतर युरोप-अमेरिकेतली तरुण पोरं किब्बुत्सांमध्ये स्वयंसेवक म्हणून लोटू लागली. त्यांना तिकडे मितनद्विम म्हणत. काम करायचं, बदल्यात राहणं-जेवणं आणि थोडा हातखर्च घ्यायचा. आत्या त्यातली नव्हती, पण त्यांच्यापासून फार वेगळीही नव्हती. ती किब्बुत्सच्या उलपानात गेली होती: अर्धा दिवस शेतात राबायचं, अर्धा दिवस हिब्रू शिकायचं. पहिल्याच पत्रात तिनं लिहिलं होतं, "मी इथे अर्धी गडी आणि अर्धी विद्यार्थिनी आहे. दोन्ही अर्ध्या सारख्याच दमतात."

वहीतलं पहिलं पान मला अजून पाठ आहे. साडेचारला उठणे. पाचला कामावर. आठला न्याहारी. पुन्हा काम, दहापर्यंत. आंघोळ, कपडे देणे-घेणे. बाराला जेवण. एक ते पाच वर्ग. सातला रात्रीचं जेवण. त्यानंतर फलक पाहणे.

ह्या 'फलक पाहणे'चं आम्हाला मोठं कुतूहल होतं. भोजनगृहाबाहेर एक यादी लागायची, सिदुर अवोदा, म्हणजे उद्या कुणी कुठे जायचं ते. एक माणूस रोज रात्री ती बनवायचा आणि रोज रात्री सगळे त्याच्याशी भांडायचे. आजोबांना ही व्यवस्था फार पटली. "म्हणजे आपलं लिंक रोस्टरच की," ते म्हणाले आणि रोस्टर लावणाऱ्या बाबूला लोक काय काय बोलतात याचे किस्से त्यांनी तासभर सांगितले. आत्याचं पत्र तसंच पुढ्यात उघडं पडून राहिलं.

यादीत तिचं नाव कधी संत्र्यांच्या बागेसमोर असे, कधी धुलाईघरासमोर. संत्र्यांसाठी गळ्यात कॅनव्हासची पिशवी अडकवून शिडीवर चढायचं. फळ ओढायचं नाही, कात्रीनं देठापाशी कापायचं, नाहीतर साल फाटते आणि फळ कुजतं. धुलाईघरात सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जात. प्रत्येकाला एक आकडा दिलेला आणि कपड्यावर त्या आकड्याची पट्टी शिवलेली. आत्यानं भाबडेपणानं आपलं एक पांढरं सुती पातळही आकडा लावून देऊन टाकलं. ते निळ्या कामाच्या कपड्यांबरोबर उकळून निघालं आणि परत आलं ते आभाळासारखं, ठिकठिकाणी ढग असलेलं. आजीनं हे ऐकून कपाळाला हात लावला. आत्यानं लिहिलं होतं की स्वीडनहून आलेली एक मुलगी ते पातळ पडद्यासाठी मागते आहे, देऊ का?

न्याहारीचं वर्णन तर आम्ही भावंडं पुन्हा पुन्हा वाचायला लावायचो. लांब टेबलं, त्यावर अख्ख्या काकड्या, टोमॅटो, कांदे. प्रत्येकानं आपल्या ताटात ते बारीक चिरून आपली कोशिंबीर आपण करायची. उकडलेली अंडी, पांढरं मऊ चीज, ऑलिव्ह, पाव, पाणचट चहा. आणि प्रत्येक टेबलाच्या मध्यभागी एक भांडं, टरफलं, साली, उष्टं टाकायला. त्याचं नाव कोलबोयनिक. जेवताना मधोमध उष्ट्याचं भांडं! आजीला ही गोष्ट पचलीच नाही. तीन वर्षांनंतरही कुणी इस्रायलचं नाव काढलं की ती प्रथम त्या भांड्याबद्दल बोलायची, मग युद्धाबद्दल.

दुपारच्या वर्गाचं मात्र आत्याला कौतुक होतं. हिब्रू हिब्रूतूनच शिकवायचं, दुसऱ्या भाषेचा एक शब्द काढायचा नाही, असा तिथला दंडक. मास्तरीणबाई खिडकी दाखवी, खिडकी उघडे, खिडकी लावून घेई, आणि तेवढ्यात तीन क्रियापदं होऊन जात. आत्याला अक्षरं आधीपासून येत होती. मशिदीतली प्रार्थना ती लहानपणापासून घडाघडा वाचायची, फक्त तिचा अर्थ माहीत नव्हता. तिनं लिहिलं, "एकेक शब्द कळायला लागला की दचकायला होतं. इतकी वर्षं आपण देवाला काय काय सांगत होतो!" आणखी एका बाबतीत तिची सरशी होती. हिब्रूत एक अक्षर आहे त्साडी. इंग्लंडच्या पोरांची जीभ ते शब्दाच्या सुरुवातीला आलं की अडखळे. आत्याला तो उच्चार कुणी शिकवावा लागला नाही, आपल्या चमच्यातला च तोच. बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, स्वयंपाकघरात.

आजोबांनी यावर उत्तरात लांबलचक इतिहास लिहून पाठवला. आपल्या लोकांना हिब्रूचं व्याकरण पहिल्यांदा हाती आलं ते मराठीतूनच. जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्यानं 1832 साली मुंबईत ते छापलं. त्याचा हेतू आपल्याला ख्रिस्ती करण्याचा होता. आपण व्याकरण ठेवून घेतलं आणि धर्म परत केला. पुढे जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. "तेव्हा बाईंना सांग," आजोबांनी शेवटी लिहिलं, "की हिब्रू मराठीतूनही येते."

ही इतिहासाची उबळ त्यांना आठवड्यातून एकदा तरी यायची. पत्र वाचून झालं की ते त्यातला एखादा धागा पकडत आणि सरळ नवगावच्या किनाऱ्यावर जाऊन पोचत. अलिबागजवळच्या त्या गावी आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, असं आमच्यात सांगतात. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. पोथ्या समुद्रानं नेल्या. डोक्यात उरली ती एक 'शमा' ही प्रार्थना, आणि सवयीनं उरल्या त्या दोनतीन गोष्टी: मुलाची आठव्या दिवशी सुंता, विशिष्ट मासे न खाणं आणि शनिवार. कोकणात ते तेलाचा धंदा करू लागले. शनिवारी घाणा बंद म्हणून गावानं नाव दिलं, शनवार तेली. आजोबांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, ह्या जातीतले जवळजवळ शेवटचे. रोह्याजवळच्या गावात त्यांचा लाकडी घाणा होता. शुक्रवारी दिवस कलला की ते बैलाची झापडं सोडत आणि लाट उतरवून ठेवत. मग शनिवारी रात्री आभाळात तीन तारे दिसेपर्यंत घाण्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात तारे कसे दिसायचे, असं मी विचारलं. आजोबा म्हणाले, "मग अंदाज. पण आमचे बाबा अंदाज उशिराचा धरत."

माशांची गोष्ट दाविद रहाबीची. हा परदेशातून आलेला विद्वान. त्याला कळलं की कोकणात शनिवार पाळणारे तेली आहेत. खात्री करायला त्यानं बायकांपुढे मिश्र मासळीची पाटी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले, आम्ही हे खात नाही म्हणाल्या. त्यावरून रहाबीनं ओळखलं. मग त्यानं झिराडकर, राजपूरकर, शापूरकर ह्या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काझी केलं. रहाबी कधी आला यावर आमच्यात आणि इतिहासकारांत एकमत नाही. कुणी हजार वर्षांपूर्वीचा म्हणतात, कुणी त्याला थेट अठराव्या शतकात, कोचीच्या रहाबी घराण्यात नेऊन बसवतात. आजोबा ह्या वादात पडत नसत. त्यांच्या दृष्टीनं सालापेक्षा पाटी महत्त्वाची होती.

आणि नेमकं त्या हिवाळ्यात आत्याचं नाव यादीत मासळीच्या तळ्यांसमोर लागलं. तिकडे बेत-शआन खोऱ्यात मासे शेतासारखे पिकवतात. पहाटे गार पाण्यात कमरेएवढं उभं राहून लांब जाळं ओढत न्यायचं, मग मासे टेबलावर ओतून निवडायचे. कार्प एकीकडे, आमनून एकीकडे. मधूनच गुळगुळीत, मिशाळ, बिनखवल्याचा मासा येई. आत्या तो न बघता बाजूला टाकायची. तळ्यावरचा म्होरक्या, पोलंडहून आलेला, कधी सिनेगॉगचं तोंड न पाहिलेला म्हातारा, हसून म्हणाला, तुला कुणी सांगितलं? तोवर तर कुणीच काही सांगितलं नव्हतं.

हे पत्र वाचल्यावर आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी ते आजीला परत वाचायला लावलं. त्याला कारण होतं. चारच वर्षांपूर्वीपर्यंत तिकडच्या धर्मपीठानं आमच्या लोकांना विवाहासाठी अडवून ठेवलं होतं. बेने इस्रायल मुलीला वा मुलाला बाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं तर त्यांच्या आई-आजीची चौकशी करा, असा 1962 सालचा फतवा होता. 1964 च्या उन्हाळ्यात आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. शेवटी त्यांच्या संसदेनं ठराव केला की हे सर्वार्थानं ज्यू आहेत. ठाण्यात त्या दिवशी पेढे वाटले गेले म्हणे. आजोबांनी पेढा घेतला नव्हता. "कागद मागतात," ते म्हणायचे. "आपल्याकडे कागद कुठला? आपल्याकडे घाणा होता." पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तर काही कुटुंबं तिकडच्या वागणुकीला कंटाळून धरणं धरून भारतात परत आली होती. त्यातली बरीचशी नंतर पुन्हा गेली. हे सगळं ठाऊक असूनही त्यांनी मुलीला जाऊ दिलं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण मासळीचं पत्र त्यांनी मशिदीत नेऊन चौघांना दाखवलं.

फेब्रुवारीत तू-बिश्वातचा सण आला. तिकडे त्या दिवशी झाडं लावतात. आमच्याकडे कोकणात त्या दिवशी एलियाहू हनबी ह्या प्रेषिताचा उरूस. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकाची खूण आहे. तिथे जाऊन मलिदा करायचा. आत्यानं सकाळी डोंगरउतारावर पाइनची रोपं लावली आणि संध्याकाळी खोलीत मलिदा केला. आजीनं ट्रंकेत कोंबलेले पोहे होते. नारळ मिळाला नाही, गूळ तर नाहीच. तिनं पोहे भिजवून त्यात खजूर कुस्करला, बदाम घातले, पाच फळं मांडली आणि स्वीडन, इंग्लंड, अर्जेंटिना अशा सगळ्या पोरांना बसवलं. किब्बुत्सवाले देवाधर्माच्या वाटेला जाणारे नव्हते. त्यांनी दारातून डोकावून विचारलं, वाढदिवस कुणाचा? आत्या म्हणाली, एलियाहूचा. ते आत आले आणि मलिदा संपवून गेले.

एक गोष्ट तिनं पत्रात कधीच लिहिली नाही. त्या वर्षी पलीकडच्या तीरावरून खोऱ्यात तोफगोळे पडत आणि किब्बुत्सातली मुलं रात्री तळघरातल्या आसऱ्यात झोपत. आजोबांना ते वर्तमानपत्रातून कळे. बातमी वाचून ते पान घडी करून उशाखाली ठेवत, आजीच्या हाती लागू नये म्हणून. आजी ते दुपारी काढून वाचून परत तसंच ठेवी. "जेवायला गेली असेल" नंतर आता आणखी एक वाक्य आलं होतं, ते आजोबा ओठातल्या ओठात म्हणत.

उलपान सहा महिन्यांचं. ते संपल्यावर आत्या किब्बुत्सात राहिली नाही. आमच्यातले फार थोडे तिथे रमले. ती अश्दोदला गेली, बंदरातल्या कचेरीत नोकरी केली, पेणच्या एका मुलाशी लग्न केलं. आजोबा 1977 साली गेले. वही माझ्याकडे आली.

भारत आणि इस्रायलचे पूर्ण राजनैतिक संबंध 1992 च्या जानेवारीत जुळले. त्यानंतर दोन वर्षांनी मी तिकडे गेलो. आत्या सेहेचाळीस वर्षांची, केस पिकलेले, मराठी जशीच्या तशी, फक्त मधूनच हिब्रूचा खडा. टेबलावर 'मायबोली' हे तिकडून निघणारं मराठी नियतकालिक. पहाटे जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. साडेचार वाजले होते. ती काकडी बारीक चिरत बसली होती. मी म्हटलं, "उठलीस." ती म्हणाली, "मोडतच नाही सवय."

तेव्हा मी वही काढून तिच्यापुढे ठेवली. ती चष्मा लावून पान न् पान बघत राहिली. 'सुधारित'ला हसली. पातळाची नोंद वाचून तिनं सांगितलं की तो पडदा पुढे पाच वर्षं तिथल्या खोलीला होता. मग तिचं बोट खालच्या सात रकान्यांवर थांबलं. रविवार ते शुक्रवार गच्च भरलेले. शनिवार कोरा. प्रत्येक पानावर कोरा.

"मी कधी लिहिलंच नाही ना त्याबद्दल," ती म्हणाली.

शुक्रवारची संध्याकाळ तिनं नेहमी लिहिली होती. पांढरे सदरे, टेबलावर पांढरी चादर, कोंबडी, गाणी. पण शनिवारी पहाटे यादीत तिचं नाव गोठ्यासमोर असायचं. गायींना शनिवार कळत नाही आणि किब्बुत्सातल्या जुन्या लोकांना विश्रांती हवी, म्हणून उलपानातली पोरं पाठवायची. ती जायची. दूध काढायचं, गोठा पाण्यानं धुवायचा, ट्रॅक्टरमागे चारा ओढायचा. शनवार तेल्यांची पोर, पवित्र भूमीत येऊन पहिल्यांदाच शनिवारी राबली. पहिल्या शनिवारी तिला रडू आलं, दुसऱ्या शनिवारी गायीची लाथ बसली, तिसऱ्यापासून काही वाटेनासं झालं, आणि ते न वाटणं तर आजोबांना लिहिणं शक्यच नव्हतं.

"त्यांना वाटलं असेल, पोरगी विश्रांती घेते," मी म्हटलं.

"छे," आत्या म्हणाली. "त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची स्वतःची डायरी पाहिलीस का कधी?"

पाहिली होती. ड्युटीची डायरी, गाडीचा नंबर, इंजिन, सुटण्याची वेळ, उशीर किती. तीस वर्षांच्या डायऱ्या. आणि शनिवारी कधी काही नाही. मला वाटायचं, रजा.

"रेल्वे शनिवारी थांबते होय? दर दुसऱ्या शनिवारी जायचे ते. फक्त लिहायचे नाहीत. पणजी तेव्हा होती, घाणा सुटला तरी तिचा शनिवार सुटला नव्हता. ते मागल्या दारानं निघायचे, टोपी खिशात घालून. आम्हाला सांगून ठेवलेलं, पणजीनं विचारलं तर मशिदीत गेलेत म्हणायचं."

"आणि विचारायची?"

"कधीच नाही विचारलं." आत्यानं काकडीच्या साली एका वाडग्यात सरकवल्या. वाडगा टेबलाच्या मधोमध होता. "शनिवारी चूल पेटत नसे, म्हणून शुक्रवारीच सगळं रांधलेलं. दिवा लावायच्या आधी पणजी तीनपुडी डबा भरायची आणि मागल्या दाराशी ठेवून द्यायची. वर फडकं बांधून. मी विचारलं एकदा, हा कुणासाठी? म्हणाली, मांजरासाठी."